जिताडा अजून पोचला नाय

देवाजवळ दिवा लागला की कमळाकर खिशातला बटणांचा फोन काढून समोरच्या टीपॉयवर ठेवायचा आणि मग त्याच्याकडे अजिबात न बघता टीव्ही बघत बसायचा. टीव्हीवर काय चाललंय असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. फोन वाजला तरी तो झडप घालायचा नाही. दोनतीनदा वाजू द्यायचा आणि मग स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणायचा, "मैने, फोन वाजतोय. तुझाच आसंल."

फोन त्याचा, नंबर त्याचा, पडद्यावर नाव त्याच्या मुलाचं, आणि म्हणे तुझाच असेल. मैना पदराला हात पुसत यायची, नवऱ्याकडे एकदा नीट बघायची आणि फोनचा स्पीकर चालू करून तो टीपॉयवर, बरोबर दोघांच्या मधे ठेवायची.

त्याआधीची चार वर्षं या फोनवर मिथुनचं, म्हणजे त्या मुलाचं, नाव उमटलं नव्हतं. मिथुन राहायचा काही लांब नाही, कोनला. विचुंब्याहून शेअर रिक्षा धरली तर भात शिजेपर्यंत माणूस पोचतो. पण रुसलेल्या आगऱ्याला कोन काय आणि काशी काय, सारखंच लांब. त्यात हे बापलेक एका माळेचे मणी. तुटतील, पण आधी वाकायचं कुणी, यावर चार वर्षं अडून बसलेले.

भांडण झालं ते तळ्यावरून. कमळाकरच्या बापजाद्यांचं गावाच्या कडेला तळं होतं. उधाणाच्या वेळी खाडीचं पाणी नदीतून वर चढायचं. बांधात एक उघाडी होती, म्हणजे पाणी आत घ्यायची आणि अडवायची लाकडी फळी. ती उचलली की पाण्याबरोबर जिताड्याची बोटाएवढी पिल्लं आत यायची. त्यांना कोलीम म्हणजे ओला जवळा, बारीक मासळी घालून वाढवायचं. वाढता वाढता एकेक जिताडा मांडीएवढा व्हायचा. कमळाकरचं भातशेत होतं, पुढे ट्रेलरवर नोकरीही झाली, पण जीव त्या तळ्यात. पुढे आजूबाजूला इमारती उठल्या, बांधापलीकडे भराव पडला, खाडीचं पाणी यायचं थांबलं, तळं हिरवं पडलं. मिथुननं बापाच्या मागे लागून लागून बिल्डरला होकार मिळवला. तळं बुजलं, त्यावर चार मजले उभे राहिले, आणि बिल्डरनं इमारतीचं नाव ठेवलं 'लेक व्ह्यू'. आता ज्या माणसाचं तळं त्या इमारतीच्या पायाखाली गेलंय, त्यालाच दुसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट मिळाल्यावर त्यानं कुठल्या खिडकीतून बघायचं आणि काय बघायचं?

वास्तुशांतीच्या दिवशी पंगत बसलेली असताना कमळाकर तळ्याचं रडगाणं काढून बसला. मिथुन वाढत होता. तो वैतागून सगळ्यांसमोर बोलला, "त्या चिखलात काय ठेवलं होतं, बाबा? माणसांत या आता." पंगतीतले दोघंचौघं हसले. ते हसणं कमळाकरला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. पुढ्यातलं पान सारून तो उठला आणि म्हणाला, "मंग माझ्या दारात पाऊल ठेवू नको. चिखल लागंल." धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून सुटलेला शब्द परत येत नाही म्हणतात, ते खरंच आहे. महिना उलटायच्या आत मिथुन रियाला घेऊन कोनला भाड्याच्या घरात गेला. नवी सून, हातावरची मेंदी नीट उतरली नव्हती, आणि सासऱ्याशी तिची धड ओळखही झाली नव्हती.

मैना मात्र कोनला जायची. कमळाकरनं तिला कधी अडवलं नाही आणि कधी विचारलंही नाही. फक्त ती निघायच्या आदल्या दिवशी घरात सुका जवळा आणि बोंबील गरजेपेक्षा दुप्पट यायचे आणि आपोआप तिच्या पिशवीत जाऊन बसायचे.

मिथुन जाताना घरात एक वस्तू विसरला, ती म्हणजे कॉलेजात असताना घेतलेली पीएसपी, हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र. त्यानं तेव्हाच स्टेशनाजवळच्या दुकानात त्याचं आतलं कुलूप तोडून घेतलं होतं, त्यामुळे बाहेरचे, कुणी घरी बनवलेले गेमही त्यात चालायचे. कमळाकरला ते कपाटाच्या खणात सापडलं. आधी त्यानं ते नुसतं पुसून ठेवलं. मग एकदा चालू करून बघितलं. त्यात मासे पकडायचा एक गेम निघाला, आणि कमळाकरचे दिवस बरे जाऊ लागले. परदेशातली सरोवरं, बर्फाचे डोंगर आणि कधी न बघितलेले गुळगुळीत मासे. "ह्ये खातात तरी का?" असं पुटपुटत तो दुपारभर गळ टाकत बसायचा. ओढलेला मासा बघून नाक मुरडायचा आणि पुन्हा गळ टाकायचा.

मैनेनं हे कोनला जाऊन सांगितलं. मिथुन बेलापूरला एका कंपनीत मोबाइलचे गेम बनवायचा. आईचं ऐकून तो नुसता हसला. पण त्यानंतर बरेच महिने तो सुट्टीच्या दिवशी काहीतरी करत बसलेला असायचा, आणि गेल्या दिवाळीनंतर त्यानं आईला सांगितलं, "बाबांच्या गेमसाठी एक नवा मासा बनवलाय. जिताडा. ती पीएसपी घेऊन ये, मी टाकून देतो."

मैनेनं घरी येऊन विचारलं, तर कमळाकर एकदम ताठ झाला. "ती वस्तू या घराभायेर जानार नाय."

"आवो, पर त्याचीच हाय ना?"

"त्याचीच हाय म्हनून तर. त्याचं काय ऱ्हायलंय आता घरात?" एवढं बोलून त्याला वाटलं, जास्तच बोललो. म्हणून लगेच पुढे जोडलं, "जिताडा धाडायचा आसंल तर धाड म्हनावं. लोक धाडतातच."

तेही खरं होतं. त्यांच्यात जिताडा नुसता खायचा मासा नाही. तो धाडायचा मासा. व्याह्याला धाडायचा, साहेबाला धाडायचा, ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याकडे केळीच्या पानात गुंडाळून धाडायचा. ज्यानं तो घेतला त्यानं राग सोडला, असं धरून चालायचं. कमळाकरला हे ठाऊक होतं आणि मिथुनलाही. दोघांपैकी कुणी ते बोलून दाखवलं नाही एवढंच.

पण हा जिताडा केळीच्या पानातून येणारा नव्हता. पीएसपीला वायर जोडायची जागा कमळाकरनं केव्हाच मोडली होती. आपल्या फोनचा चार्जर त्यात बसतो का हे त्यानं पाहिलं होतं, आणि बसत नाही म्हटल्यावर जोर लावून पाहिलं होतं. तेव्हा उरला वायरीशिवायचा रस्ता. मिथुननं जिताड्याची फाइल मैनेच्या मोबाइलवर पाठवली. मोबाइलवरून ती हवेतून पीएसपीत ढकलायची. घरच्या वाय-फायचं कुलूप नव्या पद्धतीचं, यंत्र जुनं, त्याला ते उघडेना. मग मैनेच्या मोबाइलचाच हॉटस्पॉट चालू करायचा, पीएसपी त्याला जोडायची, पीएसपीच्या पडद्यावर एक लांबलचक नंबर येतो तो मोबाइलमध्ये घालायचा आणि 'पाठवा' म्हणायचं. या सगळ्यात मैनेचा मोबाइल अडकून पडायचा. त्यावर बोलायची सोय नाही. म्हणून मिथुनला दुसऱ्या फोनवर बोलावं लागणार होतं, आणि घरात दुसरा फोन एकच होता.

पहिल्या दिवशी तो वाजला तेव्हा कमळाकर पडद्यावरच्या नावाकडे बघतच राहिला. फोन वाजून वाजून बंद होईल म्हणून मैनेनंच धावत येऊन उचलला.

मग रोजच सुरू झालं. बोलणारे तिघं, पण बापलेक एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत.

"आई, पीएसपीवर काय नंबर दिसतोय, वाच."

"एक नऊ दोन, टिंब, एक सहा आठ..."

"बाबांना सांग, जरा स्थिर धरा. तू वाचेपर्यंत ते हलवत असतील."

"हलवीत नाय बोल त्याला."

"हलवीत नाय बोलतात."

"ऐकलं मी."

"आयकलं तर मंग इचारतो कशाला, इचार त्याला."

मैना मधे बसून टपालखातं चालवायची. तिला मनातून हसू यायचं आणि तितकंच रडूही.

अडचणी खऱ्या होत्या, सुरुवातीला तरी. पहिल्यांदा मैनेनं नंबरातल्या टिंबांऐवजी स्वल्पविराम घातले. मग पीएसपी फाइल येण्याची वाट बघता बघता झोपी जायची. मिथुननं सेटिंग बदलायला लावून तिची झोप मोडली. मग हॉटस्पॉटचा प्रकार. यंत्र जुनं म्हणून मिथुननं हॉटस्पॉटला पासवर्डच नको म्हटलं होतं. गावातलं घर, दार उघडं म्हटल्यावर कोण बाहेर थांबतो? अख्ख्या 'लेक व्ह्यू'मधली पोरं मैनेच्या इंटरनेटवर शिरून क्रिकेट बघायला लागली आणि जिताड्याला वाटच मिळेना. कमळाकरनं जिन्यात उभं राहून सगळ्यांचा उद्धार केला, तेव्हा वाट मोकळी झाली.

या सगळ्यात कमळाकरला एक नवी सवय लागली. तो मुलाचा आवाज ऐकायचा. आवाज जरा भरदार झाला होता. बोलता बोलता मधेच घसा खाकरायची लकब मात्र जुनीच, थेट कमळाकरच्या बापासारखी. फोनमागे कुकरची शिट्टी व्हायची, मग रियाचा आवाज यायचा, "भाजीत मीठ घातलंयस का तू?" आणि मिथुन म्हणायचा, "घातलं, बहुतेक." कमळाकरच्या डोळ्यांसमोर ते न बघितलेलं स्वयंपाकघर उभं राहायचं. एवढ्या जवळ राहून आपल्याला आपल्या पोराच्या घराचं दार कुठल्या रंगाचं आहे ते माहीत नाही, याचं त्याला फार वाईट वाटायचं.

आणि मग एका संध्याकाळी फाइल जायला लागली.

नंबर बरोबर पडला, यंत्र जागं राहिलं, पोरांनी इंटरनेटला हात लावला नाही. मोबाइलवर एक निळी पट्टी उमटली आणि हळूहळू पुढे सरकू लागली. पीएसपी नेहमीप्रमाणे कमळाकरच्या हातात होती. मैना पट्टीला बोट लावून सांगत होती, "चालली बग, मिथुन, चालली. आर्धी झाली."

फोनमधून मिथुनचा सुस्कारा ऐकू आला. "सुटलो एकदाचे. आता रोज फोन करून तुम्हाला त्रास नको द्यायला."

तो सहज बोलून गेला होता. पण कमळाकरला एकदम उमगलं. पट्टी संपली की फोन संपला. उद्या दिवा लागेल, टीपॉयवर फोन ठेवला जाईल आणि तो वाजणार नाही. पीएसपीच्या वरच्या कडेला नखाएवढा एक सरकता स्विच होता. तो एका बाजूला असला की यंत्र हवेतलं ऐकतं, दुसऱ्या बाजूला केला की बहिरं होतं. हे मिथुननंच पहिल्या दिवशी समजावलं होतं. कमळाकरची नजर टीव्हीवर होती आणि अंगठा त्या स्विचवर. आयुष्यभर उघाडीची फळी वरखाली केलेला अंगठा तो. अलगद सरकला.

"आगो बाय, थांबली," मैना म्हणाली.

"असं कसं थांबेल?" मिथुन म्हणाला.

"त्याला सांग," कमळाकर टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "उद्या परत बगायला लागंल."

त्या दिवशी त्याला अपराध्यासारखं वाटलं आणि जेवणही दोन घास जास्त गेलं. दुसऱ्या दिवशी अपराध्यासारखं जरा कमी वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं दिवसभर तो उगाचच मैनेशी गोड बोलायचा. संध्याकाळी कधी पट्टी चालू झाल्या झाल्या, कधी अगदी शेवटाला आल्यावर अंगठा आपलं काम करायचा. आणि फोन रोज यायचा.

एकदा मात्र त्याचा अंदाज चुकला. जोडणी व्हायच्या आधीच त्यानं स्विच सरकवला आणि पीएसपीच्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लिहून आलं. मैना सातवीपर्यंत शिकलेली. कमळाकर यंत्र लपवायच्या आत तिनं त्याच्या हातावर वाकून एकेक अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. "टर्न... ऑन... मंग डब्ल्यू, एल, ए, एन... पुढं स्विच आसं काय तरी हाय."

कमळाकरनं यंत्र उलटं करून मांडीवर ठेवलं.

"मिथुन? आयकतोस ना?"

"हो." तो घसा खाकरला. "तसं होतं कधीकधी. जुनं मशीन आहे ना. उद्या बघू."

सुटलो, असं कमळाकरला वाटलं. यंत्रातलं एवढं कळणाऱ्या पोराला एवढी साधी गोष्ट कळली नाही, याचं त्याला थोडं नवलही वाटलं. पण त्यानं जास्त विचार केला नाही. गोड लागलं म्हणून ऊस मुळासकट खाणाऱ्यातला तो झाला होता.

त्यानंतर मिथुनचे उपायही वाढत चालले. "आई, बाबांना सांग, गॅलरीत जाऊन बसा, तिथे चांगलं पकडेल. पण बाहेर थंडी असेल, कानटोपी घालायला सांग." दुसऱ्या दिवशी, "बाबांना विचार, खाली वाकून बसल्यावर गुडघा दुखत नाही ना? मग खुर्चीत बसून करा म्हणावं." फाइल पाठवायचा आणि गुडघ्याचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. कमळाकरनं मुकाट्यानं कानटोपी घातली.

उरणच्या बाजूला मेव्हण्याच्या घरी साखरपुडा होता, त्या दिवशी कमळाकर एकटाच गेला. मैना म्हणाली, "माजं डोकं दुखतंय." दुपारचं जेवून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन तो घाईनं परत आला, कारण दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं होतं. दिवा लागला. फोन टीपॉयवर आला. टीव्ही चालू झाला.

फोन वाजला नाही.

कमळाकरनं फोन उचलून बघितला, बॅटरी आहे. आवाज मोठा आहे. पुन्हा ठेवला. मैना स्वयंपाकघरातून आली, पुढ्यातल्या खुर्चीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "यायचा नाय फोन. जिताडा पोचला. दुपारी मीच धाडला."

"तू?"

"रोज बगते ना, किती कठीन हाय त्यात? फकस्त पीएसपी कुनाच्या हातात नव्हती आज. टेबलावर ठेवलेली."

कमळाकरचे कान गरम झाले.

"त्याला ठाव हाय," मैना म्हणाली. "मी ती अक्षरं वाचली ना, तवाच कळलं त्याला. मला बोलला, आई, बाबा स्विच बंद करतात. मी बोलले, मंग सांगत का नाय त्यांना? तर बोलला, सांगितलं तर फोन कशावरून करू?"

टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्यानं हसत होतं. मैनेनं तो बंद केला.

"तुमा दोगांचं चाललं आसतं वर्सभर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मला आवाज नको हाय टीपॉयवर. मला माजा पोर हवाय घरात." ती उठून आत गेली, आणि आत भांड्यांचा जरुरीपेक्षा जास्त आवाज होत राहिला.

हाताला चाळा म्हणून कमळाकरनं पीएसपी उचलली आणि गेम लावला. बर्फाच्या डोंगरांच्या यादीत खाली एक नवं चित्र आलं होतं. त्यानं बटण दाबलं.

समोर त्याचं तळं होतं.

उत्तरेचा बांध, त्याच्यावरचं खाडीकाठच्या मोठ्या भेंडीचं वाकलेलं झाड, उघाडीची ती फळी, जिची डावी बाजू त्याच्या बापाच्या काळापासून तुटलेली होती आणि कुणी कधी दुरुस्त केली नव्हती. तीसुद्धा तुटलेलीच होती. काठावर गळ धरून उभा असलेला माणूस बनियनमध्ये होता आणि खांद्यावर टॉवेल. कमळाकरनं त्याला दोन पावलं चालवलं. पायांखाली चिखल होता आणि त्यात पावलं उमटत होती. गेमच्या बाकीच्या कुठल्याच काठावर अशी पावलं उमटत नव्हती.

कमळाकरचे डोळे भरून आले. चिखलात काय ठेवलं होतं म्हणणाऱ्यानं बसून बसून चिखल रंगवला होता.

त्यानं गळ टाकला. काही लागेना. जागा बदलून टाकला, तरी नाही. खोल टाकला, उथळ टाकला, पाणी आपलं शांत. पोरानं बनवताना काहीतरी चूक केली असावी, असं त्याला वाटलं. आणि मग त्याला आठवलं. तळ्यावर तो जिताडा कधी गळानं धरायचाच नाही. काठाशी उकिडवा बसायचा आणि तळहातानं पाण्यावर दोन थापा मारायचा, एक जोरात, एक हलकी. खायला घालताना रोज तसंच करायचा, म्हणून जिताड्यांना ती ओळख पटलेली. थापा ऐकून ते काठाशी यायचे आणि तो हातजाळीत उचलून घ्यायचा. ही गोष्ट त्यानं कुणाला शिकवली नव्हती. शिकवण्यासारखं त्यात काही आहे असंही त्याला वाटलं नव्हतं.

त्यानं गळ ओढून घेतला. कुठलं बटण हे माहीत नव्हतं, म्हणून अंगठ्याखालचं दाबलं, एकदा जोरात, एकदा हलकं.

पाण्यावर दोन वर्तुळं उमटली. एक मोठं, एक लहान. आणि हिरव्या पाण्यातून, सावकाश, आपल्या जड चालीनं, एक जिताडा काठाशी आला.

म्हणजे पोरगं बघत होतं. पुस्तक घेऊन भेंडीखाली बसलेलं असायचं, शाळेचं काहीबाही वाचायचं, आपल्याला वाटायचं याला तळ्याशी काही घेणंदेणं नाही. ते सगळं बघत होतं, आणि इतकी वर्षं त्यानं ते सांभाळून ठेवलं होतं. चार वर्षं, आणि भात शिजेपर्यंतचं अंतर.

त्यानं बटणांचा फोन उचलला. चार वर्षांत त्यानं स्वतःहून ते नाव शोधलं नव्हतं, म्हणून सापडायला वेळ लागला. एकाच घंटेत पलीकडून फोन उचलला गेला.

"आई?" मिथुन म्हणाला. मग उत्तर येईना तेव्हा, अगदी हळू, "बाबा?"

कमळाकरनं घसा खाकरला. मनात बोलायचं खूप होतं. पण चार वर्षांची गाठ अशी एका झटक्यात सुटत नाही. तोंडातून निघालं ते एवढंच.

"जिताडा अजून पोचला नाय."

आत स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"आई तर म्हणाली पोचला."

"तिला काय कळतं. नाय पोचला."

"स्विच चालू आहे का, बाबा?"

"चालू हाय. सगळं चालू हाय. तरी पोचत नाय." त्यानं पडद्यावरच्या जिताड्याकडे बघितलं. "फोनवरून व्हनारं काम नाय ह्ये. मानूस समोर लागतो."

मिथुन म्हणाला, "येऊ?"

"ये," कमळाकर म्हणाला.

फोन ठेवल्यावर मैना दारात उभी होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, तांब्यात पाणी घेतलं आणि उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. पोरगं कोनहून निघालंसुद्धा नसेल, पण तिला आत थांबवेना.

खाली मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला तेव्हा कमळाकर खुर्चीत बसला होता. तो पटकन उठला, पुन्हा बसला. पीएसपी हातात घेतली. पडद्यावर तळं तसंच होतं, आणि वाट बघता बघता थापा मारून धरलेले जिताडे टोपलीत मावत नव्हते. त्यानं वरच्या कडेचा स्विच सरकवून बंद केला. पोरगं आलं, तर त्याला काहीतरी काम नको का?

जिन्यात पावलं वाजली आणि दाराशी येऊन थांबली. मैनेनं भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. मिथुन उंबऱ्याबाहेरच उभा होता. केस थोडे विरळ झाले होते. तो आत बापाकडे बघत होता आणि पाऊल उचलत नव्हता. तेव्हा कमळाकरच्या लक्षात आलं, की ते शब्द आपले होते आणि आपल्यालाच मागे घ्यावे लागणार.

"आत ये," तो म्हणाला. "चिखल लागला तर लागूं दे."

मिथुन आत आला. बापाच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. दोघंही समोरच्या बंद टीव्हीकडे बघत होते. मग कमळाकरनं पीएसपी पुढे केली. मिथुननं ती हातात घेतली. पडद्यावरची भरलेली टोपली त्यानं बघितली. वरच्या कडेचा बंद स्विचही बघितला. त्यानं त्याला हात लावला नाही. यंत्र उलटसुलट करून, एखाद्या मोठ्या बिघाडाकडे बघावं तसं त्याकडे गंभीरपणे बघितलं.

"याला वेळ लागेल, बाबा," तो म्हणाला. "आज होईल असं वाटत नाही."

"लागूं दे की," कमळाकर म्हणाला. मग मैनेकडे वळून, "आयकलंस गो? आज व्हनार नाय बोलतो. तांदूळ जास्त टाक."

तो उठून गॅलरीत गेला. खाली मोटरसायकलपाशी रिया उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, वर यावं की येऊ नये अशी. कमळाकरनं कठड्यावर दोन्ही हात टेकले.

"रिया," त्यानं हाक मारली. तिचं नाव त्यानं आजवर कधी मोठ्यानं घेतलंच नव्हतं. "वर ये गो पोरी. तुझ्या नवऱ्याला येळ लागनार हाय."